डब्ल्यू-२ वरची ४१४(एच) कपात: फेडरलला एक हिशोब, न्यू यॉर्कला दुसरा

प्रश्न थोडक्यात असा. क्वीन्समध्ये राहणाऱ्या आणि न्यू यॉर्क शहराच्या सरकारी शाळेत गणित शिकवणाऱ्या एका ताईंनी २०२४ च्या डब्ल्यू-२ वरचे, म्हणजे मालकाने दिलेल्या वर्षाच्या पगाराच्या फॉर्मवरचे, आकडे दिले आहेत. बॉक्स १ मध्ये ७९,५१०; बॉक्स ५ मध्ये ९०,८००; बॉक्स १६ मध्ये पुन्हा ७९,५१०; बॉक्स १२ मध्ये 'ई' कोडसमोर ६,०००; आणि बॉक्स १४ मध्ये दोन ओळी, 'आयआरसी४१४एच ५,२९०' व 'आयआरसी१२५ १,२००'. त्या अविवाहित म्हणून रिटर्न भरतात आणि पगाराखेरीज दुसरं उत्पन्न नाही. त्या विचारतात: पेन्शनसाठी कापलेले हे ५,२९० डॉलर फेडरल रिटर्नमध्ये कुठे वजा करायचे? शिवाय हा आकडा सॉफ्टवेअरमध्ये भरला की स्टेटचा रिफंड ४८४ डॉलरने खाली येतो, तर तो भरलाच नाही तर चालेल का?

आधी उत्तरं, मग कारणं. फेडरलमध्ये तो कुठेही वजा करायचा नाही, कारण तो आधीच वजा झालेला आहे. न्यू यॉर्कच्या रिटर्नमध्ये तो भरावाच लागतो, आणि ४८४ चा फरक बरोबर आहे. बॉक्स १४ मध्ये आणखी एक आकडा आहे ज्याबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, तो १,२०० चा. त्याचंही काम आहे. त्याकडे पुढे येऊ.

भारतात काही वर्षं नोकरी केलेल्याला पहिला प्रश्न पडणारच. फॉर्म १६ मध्ये वर सगळा पगार दिसतो आणि मग खाली प्रॉव्हिडंट फंड, एलआयसी वगैरे मिळून जुन्या कररचनेत ८०सी खाली दीड लाखापर्यंतची वजावट. वजावट मागायची असते. मागितली नाही तर गेली. डब्ल्यू-२ ची मांडणी याच्या उलट आहे. ज्या कपातीवर फेडरल कर लागत नाही ती बॉक्स १ मध्ये आकडा येण्याआधीच काढून टाकलेली असते. बॉक्स १ हा तुमचा पूर्ण पगार नव्हेच. त्यामुळे बॉक्स १४ मधला आकडा बघून 'हा कुठे मागू?' असं शोधायला लागलात की सापडेल त्या रकान्यात तो जातो. बहुतेक वेळा तो आयआरएच्या (स्वतः उघडलेल्या निवृत्ती बचत खात्याच्या) वजावटीत, म्हणजे शेड्यूल १ च्या २० व्या ओळीवर जाऊन बसतो, आणि एकाच रकमेवर दोनदा सूट घेतली जाते. तुमच्या आकड्यांवर ही चूक सुमारे १,१६४ डॉलरची ठरेल, कारण तुमचा वरचा फेडरल दर २२ टक्के आहे. तेवढे वाचायचे ते पगारातून वाचूनच झालेत.

मुळात बॉक्स १४ हा मोकळा रकाना आहे. त्यात काय लिहायचं आणि कोणत्या नावाने, हे बरंचसं पगार काढणाऱ्या कार्यालयावर असतं. कोणी '४१४एच' लिहितं, कोणी 'ईआरएस', कोणी नुसतं 'रिटायर'. म्हणून नावावर विसंबू नका, बॉक्स १, ५ आणि १६ यांचा ताळमेळ लावा. कपात कोणत्या जातीची आहे ते तिथे कळतं.

तुमचेच आकडे घेऊ. वर्षाचा पूर्ण पगार ९२,००० धरला तर पेन्शनच्या सहाव्या टिअरच्या, म्हणजे गटाच्या, ५.७५ टक्के दराने कपात बरोबर ५,२९० होते. (१ एप्रिल २०१२ पासून लागलेले लोक सहाव्या टिअरमध्ये. त्यांची कपात पगाराप्रमाणे ३ ते ६ टक्के आणि नोकरी असेपर्यंत चालू.) आता ९२,००० मधून कलम १२५ चे (आरोग्य विमा वगैरेच्या कपातीचे) १,२०० काढले की राहतात ९०,८००, म्हणजे बॉक्स ५. मेडिकेअरचा (ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्य विम्याचा) कर पेन्शनच्या कपातीवरही लागतो, म्हणून ती इथे अजून आत आहे. त्यातून ४१४(एच) चे ५,२९० आणि 'ई' कोडचे, म्हणजे ४०३(बी) या ऐच्छिक निवृत्ती बचत खात्याचे, ६,००० काढले की ७९,५१०, म्हणजे बॉक्स १. बॉक्स ५ आणि बॉक्स १ मधला फरक ११,२९०, आणि ५,२९० अधिक ६,००० म्हणजेही ११,२९०. हिशोब तंतोतंत जुळला, याचा अर्थ ही कपात फेडरल करातून खरंच सुटलेली आहे. फरक जुळला नसता, समजा फक्त ६,००० चा निघाला असता, तर ५,२९० ही करानंतरची कपात ठरली असती आणि तिथे कहाणी वेगळी झाली असती. पेन्शन फंडातून घेतलेल्या कर्जाचे हप्ते असे करानंतर कापले जातात. ते बॉक्स १४ मध्ये दिसले तरी ४१४(एच) नव्हेत.

ही कपात फेडरलमधून सुटते ती कलम ४१४(एच)(२) मुळे. पैसे तुमच्या पगारातून जातात, पण सरकारी मालकाने ती वर्गणी स्वतःच्या अंगावर घेतली असं कायदा मानतो, म्हणून कागदोपत्री ती मालकाची वर्गणी होते. या एका गोष्टीचे परिणाम दूरवर जातात. ती मालकाची आहे म्हणून ४०३(बी) च्या वार्षिक मर्यादेत ती मोजली जात नाही. २०२४ साठी ती मर्यादा २३,००० होती आणि तुम्ही त्यातले फक्त ६,००० वापरलेत. आणि ती मालकाची आहे म्हणूनच फॉर्म ८८८० वर सेव्हर्स क्रेडिटसाठीही (कमी उत्पन्नाच्या लोकांना निवृत्तीच्या बचतीवर मिळणाऱ्या कर-सवलतीसाठीही) ती धरता येत नाही. त्या फॉर्मच्या सूचनांत हे नाव घेऊन सांगितलं आहे. कमी पगाराच्या सरकारी नोकरांच्या, शाळेतल्या सहायक शिक्षकांच्या वगैरे, रिटर्नमध्ये ही चूक होते, कारण सॉफ्टवेअर 'तुम्ही निवृत्तीसाठी पैसे भरलेत का?' असं सरळ विचारतं आणि माणूस प्रामाणिकपणे 'हो' म्हणतो.

आता न्यू यॉर्क. राज्याचं रिटर्न, आयटी-२०१, फेडरलच्या समायोजित उत्पन्नापासून सुरू होतं. ती १९ वी ओळ. राज्य म्हणतं, फेडरलने ही वर्गणी सोडली असेल, आम्ही सोडत नाही. म्हणून २१ व्या ओळीवर 'सरकारी कर्मचाऱ्यांची ४१४(एच) वर्गणी' अशी वेगळी जागा ठेवली आहे, आणि ५,२९० तिथे परत मिळवायचे असतात. यात खोट काढण्यासारखं काही नाही. याच्या बदल्यात राज्य पुढे जे देतं ते बरंच मोठं आहे: न्यू यॉर्क राज्याच्या किंवा त्यातल्या शहर-गावांच्या सरकारी पेन्शनवर राज्याचा आणि शहराचा कर लागत नाही. निवृत्तीनंतर ते पेन्शन याच आयटी-२०१ च्या २६ व्या ओळीवर पूर्ण वजा होतं, रकमेला वरची मर्यादा नाही. आज वर्गणीवर कर, उद्या पेन्शनला माफी, असा हा व्यवहार आहे.

४०३(बी) चा व्यवहार नेमका उलटा. तुमचे ६,००० न्यू यॉर्कलाही आज करमुक्त आहेत, ते २१ व्या ओळीवर अजिबात जात नाहीत. पण निवृत्तीनंतर तिथून काढलेले पैसे २६ व्या नव्हे तर २९ व्या ओळीवर जातात, जिथे साडेएकोणसाठ वर्षांच्या पुढे वर्षाला २०,००० डॉलरपर्यंतच सूट आहे. ४०१(के) आणि ४५७ या नोकरीतल्या दुसऱ्या बचत योजनांचंही असंच. बॉक्स १२ आणि बॉक्स १४ मधले आकडे एकत्र करून २१ व्या ओळीवर टाकणारे लोक स्वतःहून जादा कर भरतात आणि तो कोणी आपणहून परत करत नाही.

२१ व्या ओळीवर कोणी भरायचं याची यादी ठरलेली आहे: राज्य आणि स्थानिक कर्मचाऱ्यांची निवृत्ती यंत्रणा (पोलीस आणि अग्निशमनसकट), राज्य शिक्षकांची, शहराच्या पाचही पेन्शन यंत्रणा, एमटीएच्या (सार्वजनिक वाहतूक संस्थेच्या) काही योजना, आणि स्टेट किंवा सिटी युनिव्हर्सिटीत 'ऑप्शनल रिटायरमेंट प्रोग्रॅम' निवडलेले लोक. हे शेवटचे लोक हमखास गोंधळतात. त्यांचे पैसे टीआयएए या निवृत्ती निधी सांभाळणाऱ्या कंपनीकडे जातात, खातं दिसायला ४०३(बी) सारखं दिसतं, म्हणून त्यांना वाटतं आपला ४१४(एच) शी संबंध नाही. बॉक्स १४ बघा. आकडा तिथे असेल तर २१ वी ओळ तुमचीही आहे.

तुमच्या ४८४ चा उलगडा असा. अविवाहित माणसासाठी तुमच्या पातळीवर २०२४ चा राज्याचा वरचा दर ५.५ टक्के: ५,२९० वर २९०.९५. तुम्ही शहराच्या पाच बरोंपैकी (विभागांपैकी) एकात राहता, म्हणून शहराचा करही लागतो, आणि तो राज्याच्याच करपात्र उत्पन्नावर मोजला जातो. तिथला तुमचा दर ३.८७६ टक्के, म्हणजे २०५.०४. दोन्ही मिळून ४९५.९९. त्यातले १२.०६ शहराच्या शाळा-कर सवलतीतून (०.२२८ टक्के) परत मिळतात, म्हणून ४८३.९३. सॉफ्टवेअरने तुमचा एक पैसाही जास्त घेतलेला नाही.

मग न्यू यॉर्कच्या बॉक्स १६ मध्ये ७९,५१० च का, ८४,८०० का नाहीत? कारण न्यू यॉर्क मालकांना बॉक्स १६ मध्ये फेडरलचाच आकडा लिहायला लावतं आणि फरक रिटर्नवर भरून घेतं. काही राज्यं हे काम बॉक्स १६ मध्येच उरकतात. या एका फरकामुळे निम्मे गोंधळ होतात, विशेषतः न्यू जर्सीत आधी नोकरी केलेला नवरा आणि न्यू यॉर्कमध्ये शिकवणारी बायको असेल तर. एकाच्या डब्ल्यू-२ वरून शिकलेली रीत दुसऱ्याच्या डब्ल्यू-२ ला लावता येत नाही.

प्रत्यक्ष भरताना आकडे बॉक्समध्ये जसे आहेत तसेच टाइप करा. बॉक्स १ किंवा १६ 'दुरुस्त' करायला जाऊ नका. आयटी-२०१ च्या पहिल्या ओळीवर ७९,५१० च राहतील. बॉक्स १४ मध्ये वर्णन, रक्कम आणि तिसरा रकाना असतो, प्रकाराचा. सगळी मेख या तिसऱ्या रकान्यात आहे. सॉफ्टवेअर वर्णन वाचत नाही, प्रकार वाचतं. वर्णनात 'आयआरसी४१४एच' असलं आणि प्रकार 'इतर' ठेवला, तर आकडा आत जातो आणि तिथेच पडून राहतो, २१ वी ओळ कोरीच. डब्ल्यू-२ चा फोटो काढून किंवा पगार-कंपनीकडून थेट आयात केला असेल तर प्रकार बहुधा 'इतर' म्हणूनच येतो, तेव्हा तो हाताने बदला. यादीत न्यू यॉर्क आणि ४१४(एच) असे दोन्ही शब्द असलेला पर्याय शोधा. नुसता 'निवृत्ती वर्गणी' असा पर्याय दुसऱ्या राज्यासाठी असू शकतो. उलट बाजूची चूकही होते: प्रकार बरोबर निवडलेला असतो आणि पुढे स्टेटच्या मुलाखतीत 'आणखी काही ४१४(एच) वर्गणी आहे का?' विचारलं की तोच आकडा परत भरला जातो. मग २१ व्या ओळीवर १०,५८० दिसतात.

म्हणून पाठवण्याआधी आयटी-२०१ ची पीडीएफ उघडा आणि डोळ्यांनी बघा. २१ व्या ओळीवर ५,२९०, ना कमी ना जास्त. सोबत आयटी-२ नावाचा फॉर्म असतो, तो तुमच्या डब्ल्यू-२ चीच नक्कल. त्यातही बॉक्स १४ ची रक्कम आणि वर्णन यायला हवं. 'भरलं नाही तर चालेल का' याचं व्यावहारिक उत्तरही इथेच आहे. आयटी-२ वर तुम्ही स्वतः राज्याला ४१४(एच) चा आकडा लिहून देता. २१ वी ओळ कोरी ठेवलीत तर विसंगती शोधायला कोणाला फार कष्ट पडणार नाहीत. आणि आयटी-२ मधूनच तो गाळलात, तर ते विसरणं राहत नाही.

बॉक्स १४ मध्ये जागा पुरली नाही की काही कार्यालयं दुसरा डब्ल्यू-२ छापतात, ज्यात पगाराचे रकाने रिकामे आणि फक्त उरलेल्या नोंदी असतात. तो फेकून देऊ नका आणि स्वतंत्र नोकरी म्हणूनही भरू नका. पहिल्याच्याच बॉक्स १४ मध्ये त्या ओळी जोडायच्या.

आता ते १,२००. 'आयआरसी१२५' म्हणजे शहराच्या फ्लेक्सिबल बेनिफिट्स प्रोग्रॅममधली कपात: आरोग्य विम्याचा हप्ता, औषधपाण्याचं एफएसए खातं वगैरे. फेडरलने ते बॉक्स १ मधूनही काढलेत आणि बॉक्स ५ मधूनही, म्हणून वरच्या फरकात ते दिसले नाहीत. न्यू यॉर्क राज्य ही कपात सगळ्यांकडून परत घेत नाही. ऑल्बनीच्या राज्य कार्यालयात किंवा लाँग आयलंडच्या शाळेत अशीच कपात झाली तर ती परत मिळवायची नसते. पण न्यू यॉर्क शहराचे कर्मचारी आणि शहराशी निगडित ठरावीक संस्था, म्हणजे शहराचा शिक्षण विभाग, सिटी युनिव्हर्सिटी, शहराची सार्वजनिक रुग्णालयं, ट्रान्झिट अथॉरिटी, हाउसिंग अथॉरिटी वगैरे, यांच्या बाबतीत ती मिळवावी लागते. तुम्ही शिक्षण विभागात, म्हणजे तुम्हाला लागू. मात्र ती २१ व्या ओळीवर नाही. आयटी-२२५ या वेगळ्या फॉर्मवर तिच्या कोडसह बेरजेच्या बाजूला भरायची आणि तिथून ती आयटी-२०१ च्या २३ व्या ओळीवर येते. बॉक्स १४ च्या प्रकारांत 'आयआरसी १२५, न्यू यॉर्क शहर' अशा धर्तीचा पर्याय निवडला तर बहुतेक सॉफ्टवेअर हे आपोआप करतं. तुम्ही म्हणता रिफंड ४८४ ने कमी झाला, म्हणजे फक्त ५,२९० पोहोचलेत. १,२०० 'इतर' मध्ये अडकलेत. ते बरोबर बसले की आणखी ११० डॉलर जातील. ऐकायला बरं वाटणार नाही, पण आता भरलेलं नंतरच्या नोटिशीपेक्षा आणि व्याजापेक्षा स्वस्त पडतं.

सगळं मिळून तुमचं चित्र असं बसतं: फेडरलचं उत्पन्न ७९,५१०, त्यात २१ व्या ओळीचे ५,२९० आणि २३ व्या ओळीचे १,२०० मिळवले की न्यू यॉर्कचं समायोजित उत्पन्न बरोबर ८६,०००, त्यातून ८,००० ची स्टँडर्ड वजावट गेली की करपात्र ७८,०००. पीडीएफमध्ये हे आकडे दिसले की स्टेटकडचं काम झालं.

इथे एक सावधगिरी. हे ८६,००० फेडरलच्या कोणत्याही हिशोबात नेऊ नका. तुमच्या बॉक्स १३ मध्ये 'रिटायरमेंट प्लॅन' वर खूण असणार, आणि ती खूण असली की पारंपरिक आयआरएची वजावट उत्पन्नानुसार आटत जाते. २०२४ साठी अविवाहितांना हा पट्टा ७७,००० ते ८७,००० होता, आणि तो फेडरल उत्पन्नावर मोजतात. तुमच्या ७९,५१० वर, पन्नाशीच्या आत असाल तर, ७,००० पैकी ५,२५० वजा करता येतात. ८६,००० धरले असते तर वजावट फक्त ७०० वर आली असती.

आतापर्यंतचं सगळं क्वीन्समध्ये राहणाऱ्या, पूर्ण वर्ष तिथेच असलेल्या माणसासाठी. परिस्थिती बदलली की उत्तर बदलतं, आणि आपल्या लोकांत सर्वांत जास्त बदलणारी गोष्ट म्हणजे नदीपलीकडचं घर. एडिसन किंवा जर्सी सिटीत राहून न्यू यॉर्क शहरात शिकवणाऱ्यांनी न्यू यॉर्कला आयटी-२०३, म्हणजे राज्याबाहेर राहणाऱ्यांचा फॉर्म, भरायचा असतो. तिथेही २१ वी ओळ आहे, दोन स्तंभांत, आणि दोन्हींत आकडा लागतो. न्यू जर्सीकडे मात्र वेगळंच प्रकरण. त्या राज्याला पगारातून निघणारी निवृत्तीची कपात ४०१(के) सोडून कोणतीच मान्य नाही. ४१४(एच) नाही, ४०३(बी) नाही, आणि कलम १२५ ची कपातसुद्धा नाही. तुमचाच डब्ल्यू-२ एखाद्या न्यू जर्सीवासीयाचा असता तर त्याच्या एनजे-१०४० च्या पगाराच्या ओळीवर ७९,५१० नव्हे, ९०,८०० ही नव्हे, तर पूर्ण ९२,००० आले असते. न्यू यॉर्कच्या डब्ल्यू-२ वर न्यू जर्सीचा आकडा छापलेला नसतो, तो स्वतः मांडावा लागतो, आणि सॉफ्टवेअर बहुतेक वेळा बॉक्स १६ चाच आकडा उचलून पुढे जातं. तिथे हाताने बदल करा आणि हिशोबाचा कागद जपून ठेवा. निवृत्तीनंतर न्यू जर्सीत राहिलात तर ते राज्य तुमच्या न्यू यॉर्कच्या पेन्शनवर कर मागू शकतं, पण ज्या वर्गणीवर त्याने आधी कर घेतलाय ती तुम्हाला करमुक्त परत मिळते. ती वर्षावर्षाची रक्कम सिद्ध करायला हेच कागद लागतात.

न्यू जर्सीच्याच सरकारी नोकरीत असाल, शिक्षकांच्या टीपीएएफ या पेन्शन फंडात किंवा इतर कर्मचाऱ्यांच्या पीईआरएसमध्ये, तर ७.५ टक्क्यांची कपात बॉक्स १६ मध्ये आधीच परत मिळवलेली असते. बॉक्स १६ बॉक्स १ पेक्षा मोठा दिसतो तो त्यामुळे. बॉक्स १४ मधला पेन्शनचा आकडा तिथे निव्वळ माहितीसाठी. पुन्हा मिळवला तर दुहेरी कर. पेनसिल्व्हेनियातही फरक बॉक्स १६ मध्येच दिसतो. मॅसॅच्युसेट्समध्येही तसंच, पण तिथे बॉक्स १४ ला एक खरं काम आहे: राज्याच्या निवृत्ती योजनेत, सोशल सिक्युरिटीत किंवा मेडिकेअरमध्ये भरलेल्या पैशांवर माणशी २,००० डॉलरपर्यंत वजावट मिळते, आणि त्यातला निवृत्ती योजनेचा आकडा बॉक्स १४ मधून उचलावा लागतो. कॅलिफोर्निया फेडरलच्याच वाटेने जातं. कॅलपर्स या तिथल्या सरकारी पेन्शन यंत्रणेची ४१४(एच)(२) कपात तिथेही सुटलेली, मिळवायचं काही नाही आणि वजा करायचंही काही नाही.

दुसरी बदलणारी परिस्थिती व्हिसाची. स्टोनी ब्रुकसारख्या राज्य विद्यापीठात जे-१ व्हिसावर संशोधन करणाऱ्यांना सुरुवातीच्या काळात सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर लागत नाही, म्हणून बॉक्स ३ आणि ५ रिकामे असतात आणि वरचा ताळमेळ लावायला दुसरी बाजूच उरत नाही. अशा वेळी वर्षातली शेवटची पे-स्टब काढा. तिच्यात वर्षभराची एकूण कमाई आणि प्रत्येक कपातीची वर्षभराची बेरीज असते. एकूण कमाईतून करपूर्व कपाती वजा करत बॉक्स १ पर्यंत पोहोचा. कोणती कपात वगळली तर हिशोब जुळतो, त्यावरून ती करपूर्व आहे की करानंतरची ते कळतं. फेडरल १०४०-एनआर (अनिवासींचा फॉर्म) भरत असलात तरी न्यू यॉर्कला ४१४(एच) परत मिळवायचाच.

मागच्या वर्षांचं राहून गेलं असेल तर, आणि 'इतर' प्रकारामुळे बऱ्याच जणांचं राहतं, ज्या त्या वर्षाचा आयटी-२०१-एक्स हा दुरुस्ती फॉर्म भरा. आयटी-२०३ वाल्यांना आयटी-२०३-एक्स. प्रत्येक वर्षाचा स्वतंत्र. फेडरल उत्पन्न बदलत नसेल तर १०४०-एक्स या फेडरल दुरुस्ती फॉर्मची गरज नाही. उलट झालं असेल, म्हणजे ४०३(बी) चे पैसे चुकून २१ व्या ओळीवर गेले असतील, तर रिटर्न भरल्यापासून तीन वर्षांच्या आत तोच दुरुस्ती फॉर्म भरून पैसे परत मागता येतात. आणि वर्गणी फेडरलमध्ये चुकून वजा केली असेल तर आधी १०४०-एक्स, मग स्टेट, कारण स्टेटचा हिशोब फेडरलच्या आकड्यावर उभा आहे.

शेवटची गोष्ट नोकरी सोडणाऱ्यांसाठी. सहाव्या टिअरमध्ये पेन्शनचा हक्क पक्का व्हायला आता पाच वर्षांची सेवा लागते, २०२२ पर्यंत दहा लागत असे. त्याआधी सोडून वर्गणी परत घेतलीत तर १०९९-आर, म्हणजे निवृत्ती योजनेतून मिळालेल्या पैशांचा फॉर्म, येतो. फेडरलसाठी ती रक्कम करपात्र, कारण तिथे कर कधी भरलाच नव्हता. साडेएकोणसाठच्या आत असाल तर साधारणपणे वर १० टक्के दंडही. न्यू यॉर्कसाठी मात्र निवृत्तीआधी परत मिळालेली वर्गणीही २६ व्या ओळीवर वजा होते. पण सॉफ्टवेअर तसं आपणहून करत नाही. १०९९-आर भरताना ते पैसे कोणाकडून आले असं विचारलं जातं, आणि तिथे 'न्यू यॉर्क राज्य किंवा स्थानिक सरकारची योजना' हा पर्याय निवडला नाही तर वर्षानुवर्षं २१ व्या ओळीवर कर भरलेल्या पैशांवर पुन्हा एकदा कर लागतो.